पांच सेंटांची अमेरिका

राजांच्या नाण्यांवरून इतिहासकार राजवटींचा काळ ठरवितात. मुखवटा कोणाचा, धातु कोणता, टांकसाळ कोठली, हें पाहून ते सनावळी लावतात. परंतु नाण्याला आणखीहि एक इतिहास असतो आणि तो त्याच्या कोणत्याच बाजूवर कोरलेला नसतो. तें नाणें घेऊन माणूस बाजारांत गेला असतां त्याला काय मिळालें, कोठें बसावयास मिळालें आणि कोठून परत फिरावें लागलें, हा तो इतिहास होय. विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकेचें दैनंदिन जीवन अशाच एका नाण्याच्या आधारें पाहण्यासारखें आहे. तें नाणें म्हणजे पांच सेंटांचें निकेल.

अमेरिकेच्या एका डॉलरचे शंभर सेंट होतात. तेव्हां वीस निकेल म्हणजे एक डॉलर. १९४९ च्या अवमूल्यनापूर्वीं डॉलरचा भाव आपल्याकडे सुमारे तीन रुपये पांच आणे असे. त्या हिशेबानें निकेल म्हणजे अडीच आण्यांहून थोडें अधिक. हें नाणें १८६६ सालीं प्रथम निघालें. त्यांत तीन भाग तांबें आणि एक भाग निकेल, म्हणून धातूचेंच नांव नाण्यास पडलें. दुसऱ्या महायुद्धांत हा धातु युद्धसामग्रीसाठीं हवा झाला, तेव्हां १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ अखेरपर्यंत तांबें, चांदी व मँगनीज यांच्या मिश्रणाचीं नाणीं पाडण्यांत आलीं. त्यांत निकेल औषधालाहि नव्हतें. तरी लोक त्यांना निकेलच म्हणत राहिले.

१९४५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें काम करणाऱ्या एखाद्या कारकुनाचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. सकाळीं तो घराजवळच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत उतरे, फिरत्या फाटकाच्या फटींत एक निकेल टाकी आणि आंत जाई. ही रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजीं सुरू झाली, तेव्हांपासून तिचें भाडें पांच सेंट होतें. त्यांत अंतराचा प्रश्न नसे. दोन स्थानकें जावयाचें असो कीं शहराच्या एका टोकापासून दुसरें टोक गांठावयाचें असो, नाणें एकच. १९२० सालीं ही रेल्वे कोनी आयलंडच्या समुद्रकांठीं पोंचली आणि शहरांतल्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या गरिबांच्या मुलांना पांच सेंटांत समुद्र मिळाला. कोलंबिया विद्यापीठाच्या दारांतच या रेल्वेचें ११६ व्या रस्त्याचें स्थानक आहे. १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विद्यापीठांत शिकत होते, तेव्हांहि भाडें पांच सेंटच होतें. आणि या रेल्वेच्या डब्यांत कोणीं कोठें बसावें असा निर्बंध नव्हता. आपल्याकडील वाचकांस या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

दुपारीं हा कारकून हॉर्न अँड हार्डार्ट यांच्या ऑटोमॅट नांवाच्या उपाहारगृहांत शिरे. फिलाडेल्फियांत १९०२ सालीं व न्यूयॉर्कमध्यें १९१२ सालीं या उपाहारगृहांचा आरंभ झाला. तेथें वाढपी नसत. भिंतीभर काचेच्या दारांचे लहान लहान कप्पे असत व प्रत्येकांत एखादा पदार्थ मांडलेला असे. फटींत नाणीं टाकून मूठ फिरविली कीं दार उघडे. भिंतीमागें बसलेलीं माणसें रिकामा कप्पा लगेच भरीत, परंतु गिऱ्हाइकाला तीं दिसत नसत. डॉलर मोडून देण्यासाठीं काचेच्या खोलींत बायका बसलेल्या असत. बोटांच्या संवयीनें, जवळजवळ न पाहतां, त्या वीस निकेल समोर फेंकीत. कॉफीची तोटी डॉल्फिन माशाच्या तोंडाच्या आकाराची असे आणि एका निकेलांत एक पेला भरे. यंत्र गिऱ्हाइकाचें नांवगांव विचारीत नाहीं. म्हणून फाटक्या कोटाचा बेकार मनुष्य आणि पलीकडच्या नाट्यगृहांतून आलेली श्रीमंत मंडळी एकाच टेबलाशीं बसलेली आढळत.

कॉफी घेऊन झाल्यावर घरीं टेलिफोन करावयाचा तर कोपऱ्यावरच्या पेटींत निकेल टाकावें लागे. चार वाजतां घसा कोरडा पडला तर कोकाकोलाची साडेसहा औंसांची बाटली निकेललाच मिळे. संध्याकाळीं परतीच्या प्रवासास पुन्हां एक निकेल. जातांयेतां रेल्वे, कॉफी, टेलिफोन आणि पेय मिळून पांच नाणीं, म्हणजे पाव डॉलर. १९३८ च्या कायद्यानें अमेरिकेंत किमान वेतन ठरविण्यांत आलें, तेंहि तासाला नेमकें पाव डॉलर होतें व १९४५ पर्यंत तें ४० सेंटांवर गेलें. याचा अर्थ असा कीं, अगदीं खालच्या पगाराच्या माणसालाहि तासाभराच्या मजुरींत शहराच्या या सर्व सोयी उपभोगतां येत. मात्र शेतमजूर आणि घरगुती नोकर यांना हा कायदा लागू नव्हता. दक्षिणेकडील राज्यांत या दोन कामांवर राबणारांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता, हें येथेंच लक्षांत ठेवावें.

इतकीं वर्षें एकच भाव टिकला कसा, हा प्रश्न साहजिक आहे. प्रत्येक वस्तूचें उत्तर वेगळें आहे. रेल्वेच्या बाबतींत कारण राजकीय होतें. पांच सेंटांचें भाडें हा सामान्य माणसाचा हक्क आहे अशी लोकांची भावना बनली होती आणि भाडेवाढीचें नांव काढण्यास पुढारी धजत नसत. खासगी कंपन्या तोट्यांत गेल्या, १९४० सालीं शहरानें त्यांच्या रेल्वे विकत घेतल्या, तरी भाडें हललें नाहीं. कोकाकोलाची गोष्ट अधिक गमतीची आहे. १८८६ पासून हें पेय पांच सेंटांस पेलाभर मिळे. १८९९ सालीं कंपनीच्या मालकानें बाटल्या भरण्याचा हक्क दोन वकिलांना अवघ्या एका डॉलरच्या मोबदल्यांत लिहून दिला. पेयाचा पाक त्यांना ठराविक भावानें द्यावयाचा असें करारांत ठरलें आणि त्याला मुदत घालण्याचें राहिलें. बाटलीचा धंदा पुढें अफाट वाढला. पाकाचा भाव वाढवितां येईना, तेव्हां बाटलीवाल्यांनीं तरी भाव वाढवून खप कमी करूं नये म्हणून कंपनीनें देशभर भिंतीभिंतींवर पांच सेंटांची जाहिरात रंगविली. १९२१ सालीं करार बदलला; परंतु तोपर्यंत भाव लोकांच्या मनांत पक्का बसला होता. त्यानंतर विक्रीचीं यंत्रें आलीं आणि त्यांच्या फटींत निकेलखेरीज दुसरें नाणें चालत नसे. अशा रीतीनें आधीं करारानें, मग जाहिरातीनें आणि शेवटीं लोखंडी फटीनें तो भाव जखडून टाकला.

करमणुकीच्या क्षेत्रांतहि या नाण्याचा इतिहास आहे. १९०५ सालीं पिट्सबर्ग शहरांत पांच सेंटांत चलच्चित्रें दाखविणारें एक लहानसें गृह निघालें व त्याला निकेलोडियन असें नांव पडलें. पाहतां पाहतां तशीं हजारों गृहें देशभर झालीं. शतकाच्या मध्याला बोलपटाचें तिकीट अर्ध्या डॉलरच्या आंतबाहेर जाऊन पोंचलें होतें, परंतु तेवढ्यांत पुष्कळदां दोन चित्रपट, एक व्यंगचित्रपट आणि वार्तापट पाहावयास मिळे. १९४६ हें या धंद्याचें सर्वांत भरभराटीचें वर्ष. देशाची लोकसंख्या चौदा कोटी असतां दर आठवड्यास आठ-नऊ कोटी तिकिटें खपत. उपाहारगृहांतून व दारूच्या दुकानांतून गाणीं वाजविणाऱ्या रंगीबेरंगी पेट्या असत. निकेल टाकलें कीं एक तबकडी वाजे. मुलांसाठीं चित्रकथांचीं पुस्तकें एका डाइमला, म्हणजे दहा सेंटांना मिळत. १९३९ पासून खिशांत मावणारीं कागदी बांधणीचीं पुस्तकें पाव डॉलरला मिळूं लागलीं आणि ग्रंथ हा औषधांच्या दुकानांत मिळणारा जिन्नस झाला. बेसबॉल हा तर त्या राष्ट्राचा लाडका खेळ. १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या मैदानावर जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू वरिष्ठ संघांतून खेळावयास उतरला आणि साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेली बंदी संपली. त्या दिवशीं भुयारी रेल्वेनें मैदानाकडे जाणाऱ्या माणसाला त्याच्या निकेलांत इतिहास पाहावयास मिळाला.

बातम्याहि स्वस्त होत्या. न्यूयॉर्कचीं दैनिकें दोनतीन सेंटांत मिळत. १९३६ च्या नोव्हेंबरांत निघालेलें ‘लाइफ’ हें सचित्र साप्ताहिक दहा सेंटांना मिळे आणि जगांतल्या घडामोडींचीं मोठमोठीं छायाचित्रें त्यानें घरोघरीं नेलीं. पण बातमीचा खरा वेग नभोवाणीनें वाढविला. १९४० च्या खानेसुमारींत शेंकडा ८० हून अधिक कुटुंबांत नभोवाणीचा संच आढळला. एकदां संच घेतला कीं ऐकावयास पैसे पडत नसत. तो खर्च साबण, कॉफी आणि सिगारेट यांच्या कारखानदारांच्या जाहिरातींतून निघे. दुपारच्या कौटुंबिक कथामालांना साबणवाल्यांचा आश्रय असे, म्हणून त्यांना थट्टेनें साबणाचीं संगीतिका-नाट्यें असें नांव पडलें. अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं १२ मार्च १९३३ पासून नभोवाणीवरून जनतेशीं घरगुती भाषेंत बोलण्याचा परिपाठ सुरू केला. ७ डिसेंबर १९४१ हा रविवार होता. पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी बहुतेक अमेरिकन कुटुंबांना जेवणघरांतल्या किंवा बैठकीच्या खोलींतल्या संचावरूनच समजली.

१९४५ च्या जुलैंत न्यूयॉर्कमध्यें वृत्तपत्रें वांटणाऱ्या कामगारांनीं संप केला. सतरा दिवस दैनिकें लोकांच्या हातीं नीट पडलीं नाहींत. युद्ध चालूच होतें, बातम्या नभोवाणीवर मिळत होत्या. परंतु रविवारच्या पुरवणींतील चित्रकथा मुलांना कोठून मिळणार? तेव्हां नगरपति ला गार्डिया स्वतः शहराच्या नभोवाणी-केंद्रावर बसले आणि चित्रकथा मोठ्यानें, हावभावांसह वाचून दाखवूं लागले. एवढ्या प्रचंड शहराचा कारभार पाहणारा मनुष्य मुलांना डिटेक्टिव्हची गोष्ट वाचून दाखवीत आहे, हें दृश्य त्या शहराच्या लोकांनीं पुढें कित्येक वर्षें आठवणींत ठेविलें.

टेलिव्हिजनचा उदय याच सुमाराचा. १९४६ सालीं चांगल्या संचास साडेतीनशे डॉलरांहून अधिक किंमत पडे. १९५० सालीं दहा घरांपैकीं एकाहूनहि कमी घरांत तो होता. १९६० सालीं दहापैकीं जवळजवळ नऊ घरांत पोंचला होता. रात्रीच्या बातम्या मात्र पुष्कळ वर्षें पंधरा मिनिटांच्याच असत. त्या अर्ध्या तासाच्या झाल्या त्या १९६३ च्या सप्टेंबरांत. टेलिव्हिजनपुढें चित्रपटगृहें ओस पडूं लागलीं आणि वार्तापटाचा धंदा १९६७ सालीं पार बुडाला.

आतां पुन्हां नाण्याकडे वळावें. युद्धकाळांत सरकारनें भावांवर नियंत्रण घातलें. १९४२ च्या एप्रिलांत बहुतेक वस्तूंचे कमाल भाव ठरविण्यांत आले. मे महिन्यांत साखरेचें व नोव्हेंबरांत कॉफीचें रेशनिंग सुरू झालें. माणशीं पांच आठवड्यांस एक रत्तल कॉफी, असें तें प्रमाण होतें. युद्ध संपतांच नियंत्रणें उठवा अशी ओरड झाली. १९४६ च्या जूनअखेर मूळ कायद्याची मुदत संपली, ऑक्टोबरांत अध्यक्ष ट्रुमन यांनीं मांसावरील नियंत्रण उठविलें, आणि दडपून ठेवलेले भाव उसळून वर आले. १९४७ या एका वर्षांत सरासरी भाव आदल्या वर्षाच्या मानानें शेंकडा १४ नें चढले. १९४० सालीं पावाची रत्तलभर लादी आठ सेंटांना मिळे, ती १९५० सालीं चौदा सेंटांवर गेली. डझनभर अंड्यांना ३३ सेंट पडत, तेथें ६० पडूं लागले. रत्तलभर कॉफीची किंमत २१ सेंटांवरून जवळजवळ ८० सेंटांवर गेली. मजुरीहि वाढली होती, म्हणून लोकांच्या पोटास चिमटा बसला तो सर्वांच्या सारखा नव्हे. ज्यांचें उत्पन्न ठरलेलें, अशा पेन्शनरांस व विधवांस तो अधिक बसला.

या लोंढ्यापुढें निकेलचा गड एकेका बुरुजानें ढासळला. १ जुलै १९४८ रोजीं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचें भाडें चव्वेचाळीस वर्षांत प्रथमच वाढून दहा सेंट झालें. १९५० च्या नोव्हेंबरअखेर ऑटोमॅटमधील कॉफी एकदम दहा सेंटांवर गेली. कारण मधल्या सहा-सात सेंटांचें नाणें त्या फटीस ठाऊकच नव्हतें. १९५१ सालीं न्यूयॉर्कमधील टेलिफोनच्या पेटीनें दहा सेंट मागावयास सुरुवात केली. १९५३ सालीं रेल्वेचें भाडें पंधरा सेंट झालें, तेव्हां फाटकाला दोन नाणीं एकदम घेतां येत नाहींत म्हणून निराळें पितळी बिल्लें काढावें लागलें. त्याच वर्षीं कोकाकोलाचे सूत्रधार रॉबर्ट वुड्रफ यांनीं आपले स्नेही आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटांचें नवें नाणें पाडण्याची सूचना केली. ती अर्थातच कोणीं मनावर घेतली नाहीं. १९५९ पर्यंत पांच सेंटांची ती बाटलीहि बाजारांतून नाहींशी झाली.

पुष्कळ अमेरिकन लेखक या काळाकडे उसासा टाकून पाहतात. निकेलला कॉफी मिळत होती, निकेलला समुद्र मिळत होता, असें ते लिहितात. तें खोटें नाहीं. परंतु तें अर्धेंच आहे. जेथें गिऱ्हाईक आणि जिन्नस यांच्यामध्यें यंत्र उभें होतें, तेथें नाण्याची किंमत सर्वांच्या हातीं सारखी होती. जेथें माणूस उभा होता, तेथें ती हात पाहून बदलत असे. लाँग आयलंडवर लेव्हिट यांनीं नवी वसाहत बांधली. १९४९ सालीं तेथील घर ७,९९० डॉलरांस मिळे आणि लढाईवरून परतलेल्या हजारों शिपायांनीं तीं घेतलीं. त्याच लढाईवरून परतलेल्या कृष्णवर्णीय शिपायाला तेवढेच डॉलर मोजूनहि तेथें घर मिळत नसे.

अलाबामांतील माँटगोमेरी शहरांत बसचें भाडें एक डाइम होतें. कृष्णवर्णीय उतारूनें पुढच्या दारानें चढून पैसे द्यावयाचे, पुष्कळदां पुन्हां खालीं उतरून मागच्या दारानें आंत यावयाचें, आणि गोऱ्या उतारूस जागा लागली तर उठून उभें राहावयाचें, असा शिरस्ता होता. १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनीं उठण्याचें नाकारलें व त्यांना अटक झाली. पांच डिसेंबरपासून शहरांतील कृष्णवर्णीयांनीं बसवर बहिष्कार घातला. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे त्या वेळीं अवघे सव्वीस वर्षांचे होते. कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनीं बसच्याच दरानें, दहा सेंटांत, माणसें नेण्यास आरंभ केला. तेव्हां अधिकाऱ्यांनीं त्यांना पंचेचाळीस सेंटांचें किमान भाडें घेण्याची सक्ति केली. लोक मैलोगणती चालले. ३८१ दिवसांनीं, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, बसमधील हा भेद संपला. त्या अवधींत बसकंपनीच्या पेटींत न पडलेल्या डाइमांनीं जें काम केलें, तें पूर्वीं पडलेल्या लाखों डाइमांकडून झालें नव्हतें.

दुसरा प्रसंग वुलवर्थ यांच्या दुकानांतील आहे. फ्रँक वुलवर्थ यांनीं १८७९ सालीं पेनसिल्व्हेनियांतील लँकेस्टर गांवीं सर्व जिन्नस पांच सेंटांना देणारें दुकान चालवून दाखविलें. पुढें दहा सेंटांचे जिन्नस आले, आणि पांच-दहाचें दुकान ही अमेरिकेंतील प्रत्येक गांवची ओळखीची जागा बनली. या नाण्यांच्या राशींतून १९१३ सालीं न्यूयॉर्कमध्यें जगांतली त्या वेळची सर्वांत उंच इमारत उभी राहिली. भावाची ती मर्यादा १९३५ सालीं सुटली, परंतु नांव राहिलें. नॉर्थ कॅरोलायनांतील ग्रीन्सबरो येथील वुलवर्थच्या दुकानांत १ फेब्रुवारी १९६० रोजीं चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गेले. त्यांनीं आधीं दंतधावनासारखे किरकोळ जिन्नस विकत घेतले आणि पावत्या जपून ठेविल्या. मग ते खाण्याच्या ओट्यापुढील स्टुलांवर बसले व त्यांनीं कॉफी मागितली. ती त्यांना मिळाली नाहीं. एका ओट्यावर आमचे पैसे चालतात, मग त्याच दुकानाच्या दुसऱ्या ओट्यावर कां चालत नाहींत, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि हातांत पावती असल्यामुळें दुकानाला त्याचें उत्तर देतां येईना. दुसऱ्या दिवशीं आणखी विद्यार्थी आले. कांहीं आठवड्यांत दक्षिणेंतील अनेक शहरांत तसेच ओटे भरून गेले. २५ जुलै १९६० रोजीं ग्रीन्सबरोच्या त्या ओट्यावर कृष्णवर्णीयांना प्रथम खाणें वाढण्यांत आलें.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं जें घडलें तें जाणणाऱ्या मराठी वाचकाला या कॉफीच्या पेल्याचा अर्थ समजण्यास भाष्य लागणार नाहीं. खुद्द डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितींतील साम्याचा उल्लेख केला होता.

न्यूयॉर्कमधील शेवटचें ऑटोमॅट १९९१ सालीं बंद झालें. अमेरिकेंतील वुलवर्थचीं पांच-दहाचीं दुकानें १९९७ सालीं मिटलीं. निकेल अजूनहि पाडलें जातें, पण त्याला येणारा खर्च त्याच्या दर्शनी किमतीच्या दुपटीहून अधिक आहे आणि त्यांत विकत घेण्यासारखें जवळजवळ कांहींच उरलेलें नाहीं. ग्रीन्सबरोच्या त्या दुकानांत २०१० सालापासून संग्रहालय आहे आणि ज्या ओट्यावर चौघांना कॉफी नाकारली, तो ओटा स्टुलांसह तेथें जपून ठेवलेला आहे.